पोट सुटलेले शीड

रत्नागिरीहून पहाटे निघालो तेव्हा दुपारी जयगडच्या खाडीत नांगर टाकू, असा हिशेब होता. अंतर वीसएक सागरी मैलांचे. जानेवारी महिना, आकाश स्वच्छ, मतलई वारा बेताचा. दहाच्या सुमारास तो पडला आणि तासाभराने वायव्येचा खारा वारा सुरू झाला, बारा-चौदा नॉटचा. शिडाच्या बोटीला याहून चांगला वारा मागितला तरी मिळत नाही. पण आम्हाला उत्तरेला जायचे होते, म्हणजे जवळजवळ त्या वाऱ्याच्या तोंडावरच. चौतीस फुटी बोट कलंडून चालत होती, सुकाणू हाताला ओढत होते, पाणी बाजूने सळसळत होते. वेग आहे असे वाटत होते. प्रत्यक्षात दर टॅकनंतर, म्हणजे बोटीचे तोंड वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळवल्यावर, मान वर करून पाहिले की किनाऱ्यावरची तीच टेकडी, तीच माडांची रांग. शेवटी इंजिन लावून, दिवस मावळताना खाडीत शिरलो.

बरोबर एक जुने तांडेल होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. नांगर टाकल्यावर मी त्यांना म्हटले, "काका, शीड तर कुठेही फाटलेले नाही. मग बोट वर का चढेना?"

"फाटायला कशाला हवंय?" ते म्हणाले. "त्याला पोट सुटलंय. उद्या नीट वर बघ."

दुसऱ्या दिवशी मी पाहिले, आणि शिडाकडे बघण्याची माझी रीतच बदलली. बोट घेणारा माणूस इंजिनाचे तास विचारतो, तळाला ओल मुरली आहे का ते ठोकून बघतो, पण शीड उलगडून "फाटलेले नाही ना?" एवढेच पाहतो. हीच चूक मीही केली होती. शीड फाटते ते अगदी शेवटी. त्याच्या कितीतरी आधी त्याचा आकार जातो. आपण पैसे मोजतो ते कापडासाठी असे वाटते, पण खरे तर ते आकारासाठी असतात. कापड फक्त तो आकार धरून ठेवते. एवढे मनात पक्के बसले की शिडाच्या खरेदीतले बहुतेक प्रश्न सोपे होतात.

फुगवटा कुठे आहे?

वारा मागून असला की शीड वाऱ्याला अडवते आणि बोट ढकलली जाते. तिथे चादर बांधली तरी चालेल. वाऱ्याच्या तोंडावर जाताना मात्र शीड विमानाच्या पंखासारखे काम करते. वारा त्याच्या दोन्ही अंगांनी वाहतो, फुगीर बाजूला दाब कमी होतो आणि शीड त्या बाजूला ओढले जाते. ही ओढ पृष्ठभागाला काटकोनात असते. म्हणून शिडाच्या पुढच्या भागातली ओढ बोटीला बरीचशी पुढे नेते, तर मागच्या भागातली ओढ तिला बाजूला ढकलते आणि कलंडवते.

मेनसेलच्या, म्हणजे डोलकाठीला बांधलेल्या मुख्य शिडाच्या, फुगवट्याची सर्वांत खोल जागा पुढच्या कडेपासून, म्हणजे लफपासून, साधारण ४५ ते ५० टक्क्यांवर असावी. पुढच्या शिडात, म्हणजे जेनोआत, ती ३५ ते ४० टक्क्यांवर शोभते. कापड थकले की ते तिरक्या दिशेने ताणले जाते, फुगवटा खोल होतो आणि मागे सरकतो. माणसाच्या छातीचा भरदारपणा उतरून पोटावर यावा, तसेच. मागची कड, लीच, आत वळते. मग बोट जास्त कलते, वाऱ्याकडे तोंड वळवू पाहते, आणि तिला सरळ ठेवायला सुकाणू तिरके धरावे लागते. तिरके सुकाणू पाण्यात ब्रेकसारखे काम करते. जयगडच्या वाटेवर माझ्या हाताला लागत होती ती हीच ओढ.

याची किंमत किती? समजा, मुक्काम अगदी समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या दिशेला आहे. चांगल्या शिडाने बोट वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन धरते, तेव्हा २० मैलांसाठी तिला सुमारे २८ मैल नागमोडी चालावे लागते. पोट सुटलेल्या शिडाने आणि बाजूला घसरण्याने तोच कोन ५५ अंश झाला तर २० मैलांचे जवळजवळ ३५ मैल होतात. पाच नॉटच्या वेगाने हा फरक तब्बल सव्वा तासाहून जास्त होतो, आणि वेग आधीच कमी झालेला असतो तो वेगळाच.

कोकणच्या किनाऱ्यावर हे विशेष जाणवते. उघडिपीच्या दिवसांत दुपारचा वारा वायव्येचा, म्हणून मुंबईहून मालवण-गोव्याकडे जाताना तो पाठीशी असतो. जाताना कोणतेही शीड चांगलेच वाटते. त्याची परीक्षा परतीच्या वाटेवर होते.

आपल्या शिडाची तपासणी

नवे काही घेण्याआधी जुने शीड नीट वाचायला शिकावे. दहा-बारा नॉटच्या वाऱ्यात बोट वाऱ्याला जवळ धरायची, बूमच्या, म्हणजे मेनसेलच्या खालच्या आडव्या दांड्याच्या, मध्याखाली उताणे पडायचे आणि फोनने सरळ वरचा फोटो काढायचा. आडव्या शिवणींच्या रेषा फोटोत कमानीसारख्या दिसतात. एका शिवणीच्या दोन टोकांना जोडणारी सरळ रेषा काढायची, कमानीची सर्वांत खोल जागा शोधायची आणि पट्टीने मोजायचे. मेनसेलची खोली त्या रेषेच्या १० ते १४ टक्के असेल तर ठीक. माझी भरली सोळा टक्के, आणि तीही लफपासून ५८ टक्क्यांवर. काकांनी जे नुसत्या नजरेने ओळखले, ते मला पट्टीने कळले.

मग शिवण. दोऱ्यावर अंगठ्याचे नख जोराने ओढावे. टाके पिठासारखे तुटू लागले, तर कापड चांगले असूनही पहिल्या मोठ्या झोतात शीड शिवणीवर उसवेल. असे का होते? शिवणीचा दोरा कापडाच्या वर उमटलेला असतो, म्हणून ऊन आधी त्याला खाते. यावर उपाय स्वस्त आहे: साऱ्या शिवणी पुन्हा मारून घेणे. पीटीएफई धाग्याने शिवले तर उन्हाचा त्रास जवळजवळ संपतो. धागा महाग असतो, पण कापडाहून जास्त टिकतो.

आणखी एक तपासणी बरेच जण विसरतात. दोष शिडाचा आहे की दोराचा? शीड वर खेचणारा हॅलयार्ड जुन्या पॉलिएस्टरचा असेल तर वारा वाढला की तो ताणतो, लफ सैल पडते आणि फुगवटा मागे जातो. तसेच पुढची तार, म्हणजे फोरस्टे, सैल असेल तर जेनोआ पिशवीसारखा होतो. डायनीमा या आधुनिक धाग्याचा कमी ताणणारा हॅलयार्ड ही मला वाटते सर्वांत स्वस्त सुधारणा आहे. तो बदलून, लफ ताठ करून पुन्हा फोटो काढावा. फुगवटा पुढे आला तर शिडात अजून जीव आहे. कापडही कडक असेल तर शीडवाला शिवणी उसवून, थोडे कापड आत घेऊन आकार परत आणू शकतो. कापड जुन्या धोतरासारखे मऊ पडले असेल तर मात्र हा खर्च करू नये.

टेरिलीनचा धागा

१९४१ मध्ये मँचेस्टरमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिएस्टरचा धागा तयार केला. त्याला टेरिलीन नाव पडले. आपल्याकडच्या आधीच्या पिढीने त्याचे शर्ट हौसेने शिवले: इस्त्री मोडत नाही, चटकन वाळते. अमेरिकेत ड्युपाँटने तोच धागा डेक्रॉन या नावाने आणला, आणि शिडांच्या धंद्यात तेच नाव रुजले. त्याआधीची सुती शिडे भिजली की जड व्हायची, कुजायची, आणि नवी असताना आकार बिघडू नये म्हणून जपून वापरावी लागायची. १९५० च्या दशकात मार्बलहेड या अमेरिकी बंदरगावात टेड हूड यांनी स्वतःचे माग लावून शिडांसाठी घट्ट डेक्रॉन विणायला सुरुवात केली आणि सुती शिडांचा काळ सरला.

विणलेल्या कापडाचा स्वभाव समजायला एक रुमाल पुरे. धाग्याच्या दिशेने ओढला तर तो फारसा ताणत नाही, कोपऱ्यापासून कोपऱ्याकडे ओढला की लगेच लांबतो. शिडाचेही तसेच. म्हणून दोन उपाय केले जातात. एक, विणकाम इतके घट्ट करायचे आणि त्यात राळ भरायची की धागे हलू नयेत. नवे शीड पुठ्ठ्यासारखे करकरते ते या राळेमुळे, आणि फडफडून, चुरगळून ती निघून गेली की पोट सुटायला लागते. दुसरा उपाय, पट्टे असे मांडायचे की ताण धाग्याच्याच दिशेने पडावा. साध्या आडव्या कापणीत, म्हणजे क्रॉसकटमध्ये, पट्टे लीचला काटकोनात असतात आणि आडवा धागा लीचवरचा ताण घेतो. ट्रायरेडियल कापणीत तिन्ही कोपऱ्यांतून पट्टे पंख्यासारखे पसरतात. त्यात मेहनत आणि कापड जास्त, पण आकार जास्त काळ टिकतो.

आकार सपाट कापडातून कसा येतो हे पाहायला शिंपीकाम आठवावे. ब्लाउजला टक्स घालून सपाट कापडाला गोलाई देतात, तशीच इथे पट्ट्यांची कड किंचित वक्र कापून शिवली जाते. काही मिलिमीटरांचा हा वक्रपणा साऱ्या शिडाचा फुगवटा ठरवतो. म्हणून एकाच कापडाची दोन शिडे एकसारखी नसतात. श्रीलंकेतही शिडांचा मोठा कारखाना आहे, नॉर्थ सेल्सचा, म्हणजे ही विद्या आपल्यापासून फार लांब नाही.

डेक्रॉनच्या पुढची पायरी लॅमिनेटची: पातळ प्लास्टिकच्या पडद्यावर मजबूत धागे चिकटवलेले. शर्यतीत त्याला तोड नाही, आकार जवळजवळ हलत नाही. पण थर सुटतात, आणि आपल्या दमट हवेत थरांमध्ये बुरशी धरते ती निघत नाही. डायनीमाचे धागे मिसळून विणलेले हायड्रानेटसारखे कापड दोन्हीच्या मधले: विणलेले असल्याने थर सुटायचा प्रश्न नाही, आकारही टिकतो, पण किंमत खूप. वर्षाला महिनाभर समुद्रात काढणाऱ्या चौतीस फुटी बोटीला चांगले, घट्ट विणीचे, चौरस मीटरला ३०० ते ३४० ग्रॅमचे डेक्रॉन पुरते, असे माझे मत आहे. मुंबईतच बांधलेल्या बत्तीस फुटी 'सुहैली' या सागवानी बोटीने रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये एकट्याने, न थांबता जगाला फेरी मारणारे पहिले ठरले. त्याच वाटेने जाणाऱ्या आजच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत आधुनिक लॅमिनेट शिडांना मुभा नाही. २०२३ मध्ये भारताचे अभिलाष टॉमी त्या शर्यतीत दुसरे आले. विणलेले कापड पृथ्वीप्रदक्षिणेला पुरत असेल, तर मुंबई-मालवणला नक्कीच पुरेल. पैसे कापडाच्या नावापेक्षा चांगल्या शिवणीवर आणि कोपऱ्यांच्या मजबुतीवर घालावेत.

मेनसेल: रीफ आणि बॅटन

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहा नॉटचा वारा वीस झाला की शिडावरचा भार दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून मेनसेल लहान करण्याची सोय, म्हणजे रीफ, ही चैन नव्हे. नवे मेनसेल मागवताना तिसरा रीफ आवर्जून मागावा. दोन रीफ रोजच्या उपयोगाचे. तिसरा उंचावर असतो, वर्षातून एखाद्या वेळी लागतो, पण त्या वेळी दुसरे काहीच कामाला येत नाही. शीड शिवून झाल्यावर तो लावायचा म्हटले तर खर्च खूप वाढतो.

दुसरा निर्णय बॅटनचा. शिडाच्या मागच्या कडेत आडव्या कांड्या असतात. त्या लफपर्यंत पूर्ण लांबीच्या घेतल्या तर शीड कमी फडफडते, म्हणजे राळ कमी निघते आणि आयुष्य वाढते. खाली सोडल्यावर ते बूमवर घडी घालून बसते. तोटा असा की बॅटन डोलकाठीवर आडवा दाबतो, म्हणून चाकांच्या सरकत्या गाड्या लागतात, आणि वारा मागून असला की कांड्या बाजूच्या तारांवर घासतात. मी वरच्या दोन पूर्ण आणि खालच्या दोन अर्ध्या घेतल्या. तारांवर घासणाऱ्या जागी दुहेरी कापडाची ठिगळे मात्र नवे शीड येताच लावून घ्यावीत, घासल्यावर नव्हे.

जेनोआ: मोठा नव्हे, बेताचा

पुढच्या शिडाचा आकार टक्क्यांत सांगतात. डोलकाठीपासून पुढच्या तारेच्या बुडापर्यंतचे डेकवरचे अंतर म्हणजे 'जे'. माझ्या बोटीवर ते चार मीटर आहे आणि तिथून तार चढते तेरा मीटर, त्याला 'आय' म्हणतात. मागच्या खालच्या कोपऱ्यापासून लफवर टाकलेला लंब 'जे'च्या किती पट, तेवढे टक्के. १५० टक्क्यांच्या जेनोआत लंब सहा मीटर, क्षेत्रफळ सुमारे ४१ चौरस मीटर. १३५ टक्क्यांत लंब ५.४ मीटर, क्षेत्रफळ सुमारे ३७. कागदावर चारच चौरस मीटरचा फरक, पण समुद्रावर तो मोठा.

कारण आजकाल पुढचे शीड बहुधा फर्लरवर, म्हणजे पुढच्या तारेवरच्या फिरत्या यंत्रावर, गुंडाळले जाते, आणि गुंडाळताना मधला फुगीर भाग वरच्या-खालच्या टोकांपेक्षा सैल राहतो. जितके जास्त गुंडाळाल तितकी पिशवी खोल, नेमकी जोराच्या वाऱ्यात, जेव्हा सपाट शीड हवे असते. १५० टक्क्यांचा जेनोआ आपल्या दुपारच्या वाऱ्यात रोजच अर्धवट गुंडाळावा लागतो. म्हणून १३५, आणि लफला आतून फोमची पट्टी, जी गुंडाळताना मधला फुगवटा खाऊन टाकते. जिथे वारा रोजच वीसच्या पुढे असतो, तिथे ११० टक्के घ्यावे.

आणि उन्हाची पट्टी. ऑक्टोबर ते मे बोट पाण्यात असते, २४० दिवस धरा. गुंडाळलेला जेनोआ रोज अकरा तास ऊन खातो, म्हणजे हंगामाला २६०० तासांवर. प्रत्यक्ष वापर ३०० तासांचा. शीड चालण्याने म्हातारे होत नाही, उभे राहण्याने होते. लीचला आणि फुटाला, म्हणजे खालच्या कडेला, जाड ॲक्रिलिक कापडाची पट्टी लागतेच. थोडे वजन वाढते, पण आपल्या उन्हात तिला पर्याय नाही. दोन-तीन वर्षांनी फक्त पट्टीच बदलायची, शीड नव्हे.

हलक्या वाऱ्याचे आणि वादळाचे

मेनसेल आणि जेनोआ ठीक झाल्यावरच हलक्या वाऱ्याच्या शिडाचा विचार करावा. आपल्याकडे सकाळी अकराच्या आधी पाच-सहा नॉट वारा मागून किंवा बाजूने असतो, तेव्हा इंजिनाचा मोह होतो. ४० ते ६५ ग्रॅमच्या नायलॉनचा असममित स्पिनेकर त्या वेळी बोट चार नॉटने शांतपणे नेतो. नायलॉन ताणते हा त्याचा गुण: झोत आला की धक्का गिळते. पण याच गुणामुळे ते वाऱ्याच्या तोंडावर चालणाऱ्या शिडाला चालत नाही. दोघेच जण असाल तर वरून खाली ओढायची लांब पिशवी, म्हणजे सॉक, घेतल्याशिवाय हे शीड उघडू नका.

वादळी जिब, म्हणजे पुढे चढवायचे लहान, मजबूत शीड, मात्र खोल समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक बोटीवर हवे, भलेही ते वर्षानुवर्षे पिशवीत पडून राहो. वर्षातून एकदा ते शांत हवेत चढवून पाहावे, म्हणजे गरज पडली तेव्हा कोणता दोर कुठे जातो हे अंधारातही हाताला माहीत असेल.

मोजमाप आणि जपणूक

शिडाची ऑर्डर देताना मागच्या मालकाच्या कागदांवर विसंबू नये. हॅलयार्डला न ताणणारा टेप बांधून तो पूर्ण वर खेचावा आणि लफची लांबी स्वतः मोजावी. बूमची लांबी, पुढच्या तारेचे अंतर, रीफच्या कड्यांची जागा, सगळे दोनदा. दोन्ही वेळची मोजणी जुळली नाही तर तिसऱ्यांदा. शीडवाल्याला फक्त मापे नव्हे, कोणत्या वाऱ्यात, किती माणसांनी, किती लांब जाता हेही सांगावे. चांगला शीडवाला हे स्वतःहून विचारतो, आणि जो विचारत नाही त्याच्याकडून शीड घेऊ नये.

जपणूक साधी आहे. शीड उगाच फडफडू देऊ नये. दर काही दिवसांनी गोड्या पाण्याने धुवावे, कारण मिठाचे कण धाग्यांत घासतात आणि हवेतली ओल ओढून घेतात. वॉशिंग मशीनमध्ये कधीही नको, राळ निघून जाते. पावसाळ्याआधी, मेच्या अखेरीस, सगळी शिडे खाली उतरवून, धुऊन, पूर्ण वाळवून, सैल घडी घालून हवेशीर जागेत ठेवावीत. ओली घडी म्हणजे सप्टेंबरमध्ये काळे ठिपके.

जयगडच्या त्या संध्याकाळनंतर पहिल्या हंगामात मी फक्त हॅलयार्ड आणि मेनसेल बदलले, दुसऱ्या हंगामात जेनोआ, हलके शीड अजून घेतलेले नाही. पुढच्या जानेवारीत तोच वीस मैलांचा टापू तसल्याच वाऱ्यात होता. इंजिन न लावता दुपारी चारच्या आत खाडीच्या तोंडाशी आलो. सुकाणूवर काका होते, आणि दोन बोटांनी ते सांभाळत होते.

नव्या मेनसेलचा पहिला फोटो मी त्याच दिवशी बूमखाली पडून काढला. वहीत लिहिले: खोली बारा टक्के, जागा ४४. तेव्हापासून दर हंगामाच्या पहिल्या चांगल्या वाऱ्यात, तेवढ्याच हवेत, त्याच जागेवरून फोटो काढतो. दुसऱ्या वर्षी ४५ होते. यंदा ४७. पन्नासच्या पुढे गेले की शीडवाल्याकडे न्यायचे, हे आता वहीच सांगेल.